कानाचा ठणका आणि घरातले तेल

सीमाभागातील सर्व श्रोत्यांना नमस्कार.

पावसाळ्यात खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, डोक्याला बांधलेला रुमाल दिवसचे दिवस वाळत नाही, आणि अशाच एखाद्या रात्री घरातले मूल कान धरून रडत उठते. मग चूल पेटते, पळीभर तेलात लसणीच्या दोन पाकळ्या कडकडवल्या जातात आणि ते तेल थोडे निववून कापसाने कानात पिळले जाते. माझ्याही कानात माझ्या आजीने असे तेल घातलेले आहे. तिच्या मायेविषयी मला कधीच शंका आली नाही. मात्र ते तेल दुखण्याच्या जागेपर्यंत पोहोचत होते का, हा प्रश्न मला आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या शेवटी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पातळ पडदा असतो. सर्दी-पडशानंतर लहान मुलांचा कान ठणकतो तो बहुधा या पडद्याच्या पलीकडे, म्हणजे मध्यकर्णात, सूज येऊन पू साठल्यामुळे. नाकाच्या मागून मध्यकर्णाकडे जाणारी नळी मुलांमध्ये आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दी तेथे लवकर पोहोचते. पडदा शाबूत असेल तर बाहेरून घातलेले तेल त्याच्या अलीकडेच थांबते, आणि तो फुटलेला असेल तर तेच तेल, त्यातल्या लसणीच्या कणांसह, थेट आत उतरते. पहिल्या वेळी ते निरुपयोगी ठरते, दुसऱ्या वेळी घातक.

मग तेलाने बरे वाटले, असे इतकी माणसे मनापासून का सांगतात? ती खोटे बोलत नाहीत. लहान मुलांच्या कानाचे दुखणे अनेकदा दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरते आणि त्याचे श्रेय आदल्या रात्रीच्या तेलाला मिळते. याहून फसवी गोष्ट अशी की, आत साठलेल्या पुवाचा दाब वाढून पडदा फुटला की पू बाहेर येतो आणि ठणका एकदम थांबतो. घरातली माणसे म्हणतात, तेलाने घाण बाहेर काढली. खरे तर त्याच घटकेला मुलाच्या पडद्याला भोक पडलेले असते आणि पुन्हा तेल घालणे सर्वांत अधिक धोक्याचे झालेले असते. वाहणारा कान दोन आठवडे उलटूनही थांबला नाही तर ते जुनाट दुखणे समजावे. त्याने ऐकू येणे कमी होते, आणि वर्गात मागे पडणारे मूल मठ्ठ नसून त्याला बाईंचे बोलणेच नीट ऐकू येत नाही, हे कित्येकदा फार उशिरा ध्यानात येते.

ओल आणि तेल एकत्र आले की कानात बुरशी धरते. कान सारखा खाजतो, दडे बसतात, आणि खाज थांबावी म्हणून पुन्हा तेल घातले जाते. बाळंतिणीच्या घरी रोज न्हाऊ घालताना बाळाच्या कानात तेलाची धार सोडण्याची रीतही थांबवली पाहिजे. अंगाला, टाळूला तेल अवश्य लावावे. कान मात्र बाहेरून पुसावा आणि आत काहीही घालू नये. आयुर्वेदात कर्णपूरण, म्हणजे कानात औषधी तेल भरणे, सांगितले आहे हे खरे, पण तो वैद्याने कान तपासून करायचा उपचार आहे. मध्यरात्री अंदाजाने घातलेल्या तेलाला ते नाव देता येणार नाही.

तेलाला जागाच नाही, असे मी म्हणत नाही. मळ सुकून घट्ट बसला असेल, कान दुखत किंवा वाहत नसेल आणि पडद्याला पूर्वी कधी इजा झालेली नसेल, तर बदामाच्या किंवा ऑलिव्हच्या तेलाचे दोन-तीन थेंब काही दिवस घातल्याने मळ मऊ होतो. रात्री उसाला पाणी पाजताना कानात किडा शिरला आणि आत वळवळू लागला, तर कोमट खाद्यतेलाचे थेंब घालून तो मारावा आणि मग दवाखान्यात काढून घ्यावा. तेथेही कान शाबूत असण्याची अट आहेच. कोमट म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकल्यावर गरम किंवा गार न वाटणारे, कारण फार गरम तेलाने पोळते आणि गार तेलाने गरगरते. मुलाने घड्याळाची बारीक बॅटरी कानात घातली असेल तर मात्र तेल, पाणी काहीही न घालता त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

रात्र काढायची असेल तर मुलाच्या वजनाच्या मापाने पॅरासिटामॉल द्यावे आणि तव्यावर ऊन केलेल्या सुती कापडाने, आधी आपल्या गालाला लावून पाहून, कानाच्या बाहेरून शेकावे. कान वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाची वात करून पू टिपून घ्यावा. काडी, हेअरपिन, बड्स आत नेऊ नयेत. कानामागे सूज येणे, तोंड वाकडे होणे, मान ताठणे, चक्कर येणे, तापाने मूल मलूल पडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. सहा महिन्यांच्या आतले बाळ असेल तर नुसत्या संशयावरही दाखवावे.

आपल्या भागात डॉक्टरांपुढे कोणी ‘कान दुखतो’ म्हणेल, कोणी कन्नडमध्ये ‘किवी नोवु’ म्हणेल. दोन्ही त्यांना समजते. परंतु आधी तेल घातले असेल तर कोणते घातले आणि कधी घातले, हे न लाजता सांगा, कारण तेलाने भरलेल्या कानात पडदा दिसत नाही, आणि तो दिसल्याशिवाय त्यांना औषध ठरवता येत नाही.