पांढरी फुप्फुसं, नेहमीएवढं हृदय

हा छातीचा एक्स-रे पाहा. एरवी काळी दिसणारी फुप्फुसं दोन्ही बाजूंनी पांढुरकी झालीत. कडेला आखूड, आडव्या रेषा उमटल्यात. तळाशी थोडं पाणी. हार्ट फेल झालं, म्हणजे हृदयाचा पंप कमी पडू लागला, की असंच चित्र दिसतं. आता हृदयाची सावली बघा. ती नेहमीएवढीच आहे. मग हे पाणी आलं कुठून?

मार्च २००३ ते मार्च २००४. इराक आणि आसपास तैनात असलेल्या सुमारे १ लाख ८३ हजार अमेरिकी सैनिकांपैकी १८ जण अशी फुप्फुसं करणाऱ्या अक्यूट इओसिनोफिलिक न्यूमोनियाने आजारी पडले. बहुतेक विशीतली, धडधाकट पोरं. ताप, खोकला, धाप, आणि बघता बघता ऑक्सिजन खाली. १२ जणांना व्हेंटिलेटर लागला.

१९८९ मध्ये डॉक्टरांनी हा न्यूमोनिया वेगळा आजार म्हणून ओळखला. यात जंतुसंसर्ग नसतो, त्यामुळे अँटिबायोटिकने उतार पडत नाही. अ‍ॅलर्जीत किंवा जंत झाल्यावर रक्तात ज्या इओसिनोफिल पेशी वाढतात, त्याच इथे फुप्फुसात गर्दी करतात. साहजिकच आपण आधी रक्त तपासतो, आणि तिथेच फसतो. सुरुवातीच्या दिवसांत रक्तातलं त्यांचं प्रमाण बरेचदा नॉर्मल येतं! तेवढ्यावर हा आजार बाजूला टाकला, तर मोलाचे तास हातचे जातात.

सीटीत फुप्फुसावर धुरकट काच धरल्यासारखं दिसतं, आणि त्यातून गेलेल्या ठसठशीत रेषा म्हणजे फुप्फुसाच्या कप्प्यांमधले सुजलेले पडदे. संशय बळावतो. खात्रीसाठी मात्र दुर्बीण श्वासनलिकेतून आत उतरवावी लागते. थोडं सलाईन सोडायचं, तेच परत ओढून घ्यायचं आणि काचपट्टीवर रंगवायचं. गुलाबी-केशरी दाण्यांनी गच्च भरलेल्या इओसिनोफिल पेशी दिसू लागतात. निरोगी फुप्फुसात शंभर पेशींत जेमतेम एखादी. इथे पंचविसाहून जास्त.

त्या १८ सैनिकांपैकी प्रत्येक जण तंबाखूचं व्यसन करणारा होता, आणि १४ जणांनी सिगारेट नुकतीच सुरू केली होती. म्हणून ‘सिगारेट ओढतोस का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘कधीपासून?’ हेही विचारा. कॉलेजातला मुलगा असेल, तर आईवडिलांना जरा बाहेर बसवून विचारा. त्यांच्यासमोर तो खरं सांगणार नाही.

त्या सैनिकांपैकी दोघं दगावले. या आजारात स्टेरॉईड सुरू केल्यावर बहुतेकदा एक-दोन दिवसांतच श्वास मोकळा होऊ लागतो. वाचलेल्यांपैकी १२ जणांना काही महिन्यांनी पुन्हा बोलावलं. औषधं बंद झाली होती. नळीत जोरात फुंकून करायची चाचणी सगळ्यांची नॉर्मल, किंवा जवळपास नॉर्मल आली.