धाब्याच्या तुळईचा बाक

(दृश्य : परसात विटांवर ठेवलेली काळी तुळई, कॅमेरा तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकतो.)

ही तुळई सागाची आहे, हे नुसते पाहून कोणाला ओळखता येणार नाही. चुलीच्या धुराने तिच्यावर चढलेला काळा थर नखाने खरवडला तरी निघत नाही, आणि जागोजागी गंजलेल्या खिळ्यांची डोकी वर आली आहेत. अमळनेर तालुक्यातील एका गावात धाब्याचे जुने घर उतरवण्यात आले, त्या घराच्या मधल्या खोलीवरची ही तुळई आहे.

खानदेशातील धाब्याचे घर ज्यांनी आतून पाहिले आहे, त्यांना त्याची रचना वेगळी सांगायला नको. मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ टाकलेल्या कड्या, त्यांच्यावर फळ्यांचा किंवा काटक्यांचा थर आणि सर्वांत वर मातीचे सपाट छत, असा तो सगळा थाट असे. पावसाळ्याच्या तोंडावर त्या छतावर खारी माती पसरली की पाणी आत झिरपत नसे. एवढ्या मातीचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या या तुळयांनी पेलले. आता अशी घरे पडतात तेव्हा त्यांतील सरळ, नीटस लाकूड जुन्या मालाचे व्यापारी उचलून नेतात आणि खिळ्यांनी भरलेल्या, कडेला फुटलेल्या तुळया सरपणात जमा होतात. ही तुळईही सरपणाच्या ढिगातच पडली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या घरमालकांनी तिचा अंगणातला बाक करायचे ठरवले आणि गावातील वयस्क सुतारबाबांना बोलावणे धाडले. सुतारबाबांनी तुळईवर हाताने टकटक करून आवाज ऐकला, टोकाशी पटाशी मारून एक ढलपा काढला आणि निर्णय दिला : “जुनं शे, पन सडेल नही.” म्हणजे जुने आहे, पण सडलेले नाही.

(दृश्य : ढलप्याखालचे सोनेरी तपकिरी लाकूड, अगदी जवळून. इथे काही क्षण निवेदन नाही.)

सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकटपणा असतो. त्यामुळे पाणी आणि उधई या दोन्हींना तो दीर्घकाळ दाद देत नाही. मात्र ही गोष्ट फक्त गाभ्याची आहे. सालीलगतचे फिकट, पांढुरके लाकूड सागाचे असले तरी उधई ते आनंदाने खाते. या तुळईच्या एका कडेला तसा फिकट पट्टा होता आणि तो पोखरलेला होता. जुने लाकूड म्हणजे सगळेच चांगले, असा समज बाळगणाऱ्यांनी ही कड नीट पाहावी.

जुन्या लाकडाचा खरा फायदा वेगळाच आहे. ताजे कापलेले लाकूड सुकताना आकसते, पिळवटते, तडकते. म्हणून एक इंच जाडीला एक वर्ष वाळवावे, असा सुतारांचा ठोकताळा आहे. ही तुळई छताखाली, सावलीत आणि चुलीच्या उबेत कितीतरी वर्षे वाळत होती. तिला जेवढे वाकायचे होते तेवढी ती केव्हाच वाकून झाली आहे.

(दृश्य : दोऱ्याला टांगलेले चुंबक तुळईवरून फिरते आणि एके ठिकाणी झपकन चिकटते.)

आरा मशीनवाला जुने लाकूड कापायला सहसा तयार होत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. आत राहिलेला एकच खिळा लागला तरी पात्याचे दात जातात. म्हणून बिघडलेल्या स्पीकरमधले चुंबक काढून ते दोऱ्याला बांधण्यात आले आणि घरातील नात ते तुळईच्या चारही अंगांवरून फिरवू लागली. चुंबक जिथे ओढले जाते तिथे खडूची खूण करायची, तिथे पटाशीने लाकूड थोडे उकरायचे आणि पकडीने खिळा उपसायचा, असे हे काम चालले. सुतारबाबांना वाटले की आता झाले, तेवढ्यात ती ओरडली, “आबा, आठे बी शे!” म्हणजे इथेही आहे. खिळ्यांभोवती लाकडाला निळसर काळे डाग पडलेले दिसतात. लोखंड, ओल आणि लाकडातील तुरट द्रव्ये एकत्र आली की असे डाग पडतात, आणि बाकाला लोखंडी खिळे का मारायचे नाहीत, याचे उत्तर या डागांतच आहे.

तुळई कापून आल्यावर तिच्या छेदावर वर्तुळे स्पष्ट दिसू लागली. सागाच्या झाडात दरवर्षीच्या वाढीच्या सुरुवातीला मोठी छिद्रे तयार होतात, त्यामुळे एकेका वर्षाची रेघ डोळ्यांनी मोजता येते. इथे त्या रेघा इतक्या दाट आहेत की झाड सावकाश, कोरड्या डोंगरउतारावर वाढले असावे, असे सुतारबाबांचे म्हणणे आहे.

(दृश्य : रंधा चालतो, पापुद्रे जमिनीवर पडतात. रंध्याचा आवाज पूर्ण ऐकू द्यावा.)

बाकाची मापे साधी आहेत. लांबी 5 फूट, बैठकीची उंची साडेसतरा इंच, पाठीचा कल सुमारे 12 अंश. बैठकीला 4 इंच रुंदीच्या 4 पट्ट्या आणि दर दोन पट्ट्यांमध्ये पाव इंचाची फट. म्हणजे खोली पावणेसतरा इंच भरते आणि पावसाचे पाणी फटींतून खाली उतरते. पट्ट्या 1 इंच जाडीच्या आहेत. एवढ्या जाडीची पट्टी 5 फुटांवर तशीच टाकली तर माणूस बसताच मधोमध लवते, म्हणून बैठकीखाली मध्यावर एक आडवे लाकूड दिले आहे. दुकानातल्या तयार बाकांत नेमके हेच लाकूड वाचवलेले असते, हे बाकाखाली वाकून पाहणाऱ्याच्या लक्षात येईल.

आता सांध्याकडे वळू, कारण बाकाचे आयुष्य तिथेच ठरते. पायाच्या लाकडात खाच पाडायची, आडव्या लाकडाच्या टोकाला त्या खाचेत बसेल असे कुसू काढायचे आणि दोन्ही एकमेकांत ठोकायचे, ही रीत बैलगाडीपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळीकडे वापरली गेली आहे. आडवे लाकूड दीड इंच जाड असेल तर कुसू त्याच्या एकतृतीयांश, म्हणजे अर्ध्या इंचाचे ठेवतात. त्याहून जाड केले तर खाचेच्या भिंती कमजोर होतात आणि बारीक केले तर कुसूच मोडते. खाच पाडताना सुतारबाबा आधी दोन्ही अंगांवर रेघ मारतात आणि मग अर्धी खाच एका बाजूने व अर्धी दुसऱ्या बाजूने खोदत मध्यावर गाठतात, कारण एकाच बाजूने आरपार गेले तर पलीकडच्या तोंडाशी लाकडाचे ढलपे निघतात. पटाशीला धार लावण्यासाठी ते वारंवार थांबतात. सागात वाळूसारखा बारीक सिलिका असतो आणि तो धार लवकर घालवतो. त्यामुळे या कामाचा बराच वेळ लाकडावर जात नाही, दगडावर जातो.

(दृश्य : कुसवातले भोक आणि पायातले भोक, शेजारी शेजारी.)

इथे चित्र थोडे थांबवून पाहावे असे आहे. पायाला पाडलेले भोक आणि कुसवाला पाडलेले भोक एका रेषेत नाही. कुसवातले भोक मुद्दाम दीड मिलिमीटर आत, आडव्या लाकडाच्या खांद्याकडे सरकवलेले आहे. वाळलेल्या बांबूची खुंटी, टोकाला निमुळती करून, जेव्हा या दोन भोकांतून ठोकली जाते तेव्हा ती किंचित वाकते आणि वाकता वाकता कुसवाला खाचेत आणखी आत ओढून घेते. त्यानंतर तो सांधा डिंकाशिवायही सुटत नाही, आणि पुढे कधी पाय बदलावा लागला तर खुंटी खोदून काढली की सगळे वेगळे करता येते. स्क्रूने जोडलेल्या बाकाचा पाय हलू लागला की स्क्रू आणखी आवळायचा, आणि भोक मोठे झाल्यावर तोही फिरत राहायचा, एवढाच उपाय उरतो.

(दृश्य : खुंटीवर मोगरी पडते, फट मिटताना दिसते. निवेदन नाही.)

पाठीचे लांब पाय एका रुंद फळीतून कापले आहेत. बैठकीपर्यंत पाय सरळ आणि तिथून वर मागे झुकलेला आहे, त्यामुळे वाकाच्या जागी लाकडाचे रेषे आडवे तुटू नयेत अशा बेताने फळीवर आखणी करावी लागते. या आखणीला पुठ्ठ्याचा नमुना कापला की काम सोपे होते.

बैठकीच्या पट्ट्यांना मात्र स्क्रूच लावले आहेत, पण पितळेचे. लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही. रुंदीत ते पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो आणि ऑगस्टमध्ये हवा ओलीचिंब असते, अशा आपल्या भागात 4 इंचांची पट्टी एखाद्या मिलिमीटरने तरी हलणारच. ती हालचाल व्हावी म्हणून पट्टीतले भोक स्क्रूपेक्षा थोडे मोठे ठेवले आहे. सिमेंटचे बाक हलत नाहीत, हे खरे. बसस्थानकांत आणि बागांत अमुक-तमुक यांच्या सौजन्याने रांगेने मांडलेले असे बाक सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्यावर मे महिन्यात दुपारी चारला बसून पाहिलेल्या माणसाला लाकूड उष्णता किती हळू वाहून नेते, हे समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

(दृश्य : कापडाच्या बोळ्याने तेल लावताना लाकडाचा रंग उजळतो.)

रंग किंवा व्हार्निश लावलेले नाही. उन्हात व्हार्निशचे पापुद्रे सुटतात आणि मग सगळे खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. इथे उकळलेले जवसाचे तेल थोड्या टर्पेंटाइनमध्ये पातळ करून लावले आहे. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल पुसून घ्यायचे, ते पूर्ण वाळू द्यायचे आणि मग दुसरा हात द्यायचा. पायांच्या तळाशी, जिथे लाकडाचे रेषे उघडे पडतात, तिथे तेल पुन्हा पुन्हा पाजले आहे, कारण लाकूड पाणी पिते ते तिथूनच. एक सावधगिरी मात्र प्रत्येकाने घ्यावी. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते, आणि तेलाचे बोळे एकावर एक गोळा करून ठेवले तर ते आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून पडद्यावर दिसतात तसे ते बाहेर, एकेक करून पसरून वाळवावेत, आणि वाळल्याशिवाय कचऱ्यात टाकू नयेत.

(दृश्य : खोदलेले चार खड्डे, मुरूम, चपटे दगड.)

बाक निंबाखाली ठेवायचा होता आणि जमीन काळी, कपाशीची आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट ठेवलेला बाक पहिल्याच पावसाळ्यात एका पायावर तिरपा होईल आणि त्याच्या पायांना ओल लागेल. म्हणून प्रत्येक पायाखाली वीतभर खोदून मुरूम ठोकला आहे आणि वर चपटा दगड बसवला आहे. चारही दगड एका पातळीत आहेत का, हे पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने पाहिले. उधईची मातीची नळी वर चढू लागली तर ती या दगडावर उघडी दिसते.

सुतारबाबांना मजुरी मिळाली. असे काम त्यांच्याकडे आता फारसे येत नाही आणि त्यांची मुले सुरतेला आहेत. त्याच घराच्या आणखी काही तुळया परसात पडून आहेत. गावातील दोघे-तिघे त्या पाहून गेले.

(दृश्य : बाकाचा पुढून घेतलेला पूर्ण आकार, मग तेलाचा डबा.)

बाकाला तेलाचा पुढचा हात पुढल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी द्यायचा आहे. एखादी पट्टी फुटली तर तिचे पितळी स्क्रू काढून तेवढीच बदलता येईल, आणि त्यासाठी दोन पट्ट्या जास्तीच्या कापून माळ्यावर ठेवल्या आहेत. उरलेले तेल लहान डब्यात काठोकाठ भरून त्याचे झाकण घट्ट लावले आहे, कारण डब्यात हवा राहिली की तेलावर साय धरते आणि ते लाकडात मुरत नाही.