बद वाजलं की ओळखायचं

श्रोतेहो, नमस्कार. रेडिओवर शिल्प दाखवता येत नाही, पण ऐकवता येतं. ही टिचकी ऐका... आणि आता ही. पहिला माठ खणखणला, दुसरा बद वाजला. दुसऱ्याला केसाएवढी चीर आहे, डोळ्यांना दिसत नाही. आखाजीची घागर घेताना आपल्या आज्या बाजारात हेच करायच्या. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांचा पहिला धडाही हाच.

मी सिरॅमिकची शिल्पं करतो, इथंच जळगावात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. लोक विचारतात, आपल्याकडे एवढी काळी माती असताना गुजरातेतून, थानगडहून पोती कशाला मागवता? काळी माती कपाशीची माय, पण शिल्पाची सावत्र. पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तेवढीच आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, त्याच घोड्याच्या मानेवर पडतात. मी ती चिमूटभर घालतो, भाजल्यावर येणाऱ्या तांबूस रंगासाठी.

त्यात भर घालतो ती खापराच्या चुऱ्याची. ही युक्ती पुस्तकात वाचायच्या आधी मी मांडे भाजायच्या खापरात पाहिली होती. खाली चुलीचा जाळ, वर ओली पुरणपोळी, तरी ते तडकत नाही. त्याची माती भरड असते, भाजणी बेताची आणि अंग सच्छिद्र. बारीक चीर निघालीच तर पुढच्या कणाशी, छिद्राशी अडते. चकचकीत चिनीमातीची बशी मात्र जाळावर ठेवून बघू नका. आमच्या घरी एकदा हा प्रयोग झालाय, करणाऱ्याचं नाव सांगत नाही!

हे काम कुठूनतरी परदेशातून आलंय असं शिकणाऱ्यांना वाटतं. तापीकाठच्या आपल्या सावळद्याचं नाव एका संस्कृतीला दिलंय, तेही खापरांमुळे. सुमारे 4000 वर्षांपूर्वीची ती भांडी. त्यांवर काळ्या रंगात बाण रंगवलेत, मासे धरायचे गळसुद्धा.

आता माझ्या फजितीकडे येतो. सुरुवातीला पोळ्यासाठी एक बैल केला, भरीव, चांगला दणकट. श्रावणातली दमट हवा, आठ दिवस वाळवला आणि घाईनं भट्टीत घातला. तासाभरात आत सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. बैल गेलाच, शेजारच्या दोन घागरीही गेल्या. आत हवा कोंडली म्हणून फुटलं, असं सगळे म्हणाले. आजही बरेच जण तेच सांगतात. खरा दोषी पाणी. वरून कोरडी दिसणारी जाड माती पोटात ओलीच असते. 100 अंश ओलांडले की त्या पाण्याची वाफ होते, तिला सोळाशेपट जागा लागते आणि ती वाट काढते.

म्हणून आता पहिली रात्र भट्टीचं दार बोटभर उघडं ठेवून, 100 अंशांच्या खाली काढतो. पुढे 573 अंशांच्या आसपासही हात आखडता, कारण तिथं मातीतली गारगोटी एकदम फुगते. आणि मे महिन्यात उलटी पंचाईत: आपल्या झळांनी कान-शेपटी तासात वाळते, पोट ओलंच, सांध्यावर चीर. मग ओली गोणपाटं गुंडाळून बसायचं.

शिकवताना सगळ्यात अवघड काय, तर तयार बैल तारेनं उभा चिरायला लावणं. अर्धे करायचे, अंगठ्याएवढी जाडी ठेवून आतलं खरवडून काढायचं, कडांवर रेघोट्या ओढून पातळ मातीनं पुन्हा जोडायचं. विद्यार्थ्याच्या कामाला मी हात लावत नाही, चिरायलाही नाही. अमळनेरकडची एक मुलगी तार हातात घेऊन अर्धा तास बसली होती. डोळ्यांत पाणी. मी चहा करायला निघून गेलो.

भट्टी उघडली त्या सकाळी तिनं बैल उचलला, पाठीवर टिचकी मारली, कान लावला. म्हणाली, "सर, आते बोलस हाऊ!"

एक शिंग मात्र उचलताना तिच्याच ओढणीत अडकून तुटलं.