पठाणकोट ते दाबोळी : एका लढाऊ वैमानिकाची कारकीर्द

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. पुढे हा विमानतळ नौदलाच्या ताब्यात आला आणि १९६४ साली ‘आयएनएस हंसा’ हा तळ येथे स्थिरावला. वास्को, चिखली, बोगमाळो या भागांत राहणाऱ्यांना तेव्हापासून लढाऊ विमानांचा आवाज ओळखीचा आहे. त्या विमानांत बसणारी माणसे मात्र आपल्याला फारशी ठाऊक नसतात. त्यांपैकी एका वैमानिकाविषयी, निवृत्तीनंतर आपल्या गोव्यातच स्थायिक झालेल्या ॲडमिरल अरुण प्रकाश यांच्याविषयी, मी आज बोलणार आहे.

अरुण प्रकाश १९६६ साली नौदलात अधिकारी म्हणून दाखल झाले आणि पुढे लढाऊ वैमानिक झाले. १९७१ चे युद्ध सुरू झाले तेव्हा नौदलाची सी हॉक विमाने ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून बंगालच्या उपसागरात लढत होती आणि ४ डिसेंबरला त्यांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बझारवर हल्ला चढवला. लेफ्टनंट अरुण प्रकाश मात्र त्या नौकेवर नव्हते. ते हवाई दलाच्या २० व्या स्क्वाड्रनमध्ये प्रतिनियुक्तीवर होते आणि पश्चिम आघाडीवर पठाणकोटहून हंटर विमान चालवत होते. समुद्रावर लढण्यासाठी शिकलेला हा तरुण पंजाबच्या सपाट भूमीवरून शत्रूच्या प्रदेशात शिरत होता, आणि त्याच्या पुढच्या आयुष्याचा विचार करताना ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण दोन सेनादलांच्या कामाच्या रीती त्याने ऐन युद्धात, जिवावरच्या प्रसंगांत, आतून पाहिल्या.

हंटर हे एकाच वैमानिकाचे विमान. सोबतीला दुसरा कोणी नसल्यामुळे नकाशा, घड्याळ, इंधनाचा काटा, जमिनीवरच्या खुणा आणि वरून येऊ शकणारे शत्रूचे विमान या साऱ्यांवर एकट्यानेच लक्ष ठेवावे लागे. रडारच्या नजरेतून सुटण्यासाठी झाडांच्या शेंड्यांच्या जरा वरून उडायचे, लक्ष्य जवळ येताच विमान वर खेचायचे, मग खाली झेपावून ३० मिलिमीटरच्या चार तोफांनी मारा करायचा आणि परतीपुरते इंधन उरले असतानाच वळायचे. यातला प्रत्यक्ष माऱ्याचा भाग काही सेकंदांचाच असे. रावळपिंडीजवळच्या चकलाला विमानतळावरील हल्ल्यात अरुण प्रकाश होते. तेथे नष्ट झालेल्या विमानांत चक येगर यांचे छोटे बीचक्राफ्ट विमानही होते. ध्वनीचा वेग ओलांडणारे हे पहिले वैमानिक त्या वेळी अमेरिकेचे लष्करी प्रतिनिधी म्हणून पाकिस्तानात होते, आणि हा घाव मुद्दाम घातला गेला असे त्यांचे म्हणणे होते. इतक्या वेगाने झेपावणाऱ्या वैमानिकाला खाली उभे असलेले विमान कोणाच्या मालकीचे आहे हे कसे कळावे, असा प्रश्न मला पडतो. त्या युद्धातील शौर्याबद्दल अरुण प्रकाश यांना वीरचक्र मिळाले.

युद्ध तेरा दिवसांत संपले. त्यानंतरच्या सेवेतील पस्तीसएक वर्षांपैकी गोव्याशी जोडलेला काळ मला सर्वांत मोलाचा वाटतो. सी हॉक विमाने थकली होती आणि त्यांची जागा ब्रिटिश बनावटीचे सी हॅरियर घेणार होते. हे विमान जागच्या जागी उभे खाली उतरू शकते. इंजिनाचा झोत बाहेर टाकणाऱ्या चार तोट्या वैमानिक एका दांड्याने खाली वळवतो आणि मग विमानाचा सगळा भार पंखांऐवजी त्या झोतावर तोलला जातो. आपल्याकडच्या उष्ण हवेत इंजिनाचा जोर कमी पडतो, म्हणून उतरताना वजन किती असावे याचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो. ‘व्हाइट टायगर्स’ या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व करणाऱ्या अरुण प्रकाश यांच्या पुढाकाराने पहिली तीन सी हॅरियर विमाने ब्रिटनहून टप्प्याटप्प्याने उडत येऊन १६ डिसेंबर १९८३ रोजी, म्हणजे विजय दिवशीच, दाबोळीला उतरली. पुढे हे विमान शिकणे आणि शिकवणे हे काम वर्षानुवर्षे चालले, आणि त्याची किंमतही मोठी होती: निम्म्याहून अधिक सी हॅरियर अपघातांत गेली आणि काही वैमानिकांनी प्राण गमावले. त्यांच्यासाठी युद्धाची घोषणा झालेली नव्हती, तरीही त्यांचे बलिदान मी युद्धातल्या बलिदानाहून तसूभरही कमी मानत नाही.

अरुण प्रकाश यांनी पुढे ‘विराट’ या विमानवाहू नौकेचे नेतृत्व केले, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे ते प्रमुख होते, आणि तिन्ही सेनादले एकत्र काम करतात त्या अंदमान-निकोबार कमांडची धुराही त्यांनी वाहिली. पठाणकोटला हवाई दलात वावरलेल्या माणसाला हे पद किती साजेसे होते! जुलै २००४ मध्ये ते नौदलप्रमुख झाले आणि पाच महिन्यांतच त्सुनामी आली. स्वतःच्या किनाऱ्यावर आघात झालेला असतानाही नौदलाच्या नौका श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाच्या मदतीला धावल्या. २००६ साली ते निवृत्त झाले. सागरी सुरक्षेवर आणि तिन्ही दलांच्या एकत्रित कामकाजावर ते आजवर सातत्याने लिहीत आले आहेत, आणि संरक्षणाच्या प्रश्नांत रस असणाऱ्या प्रत्येक गोमंतकीय तरुणाने ते लेखन वाचावे असे मी आग्रहाने सांगेन.