गिलावा नाकारणारं घर

श्रोतेहो, लंडनच्या आग्नेयेला बेक्सलीहीथमध्ये ‘रेड हाऊस’ नावाचं घर आहे. वास्तुविशारद फिलिप वेबनं १८५९ मध्ये आपला मित्र, कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस याच्यासाठी त्याचा आराखडा केला. वेब २८ वर्षांचा, मॉरिस २५ चा. पुढच्याच वर्षी मॉरिस दांपत्य तिथं राहायला आलं.

लाल विटांचं एवढं काय कौतुक, असं तुम्ही म्हणाल. त्या काळी इंग्लंडात ऐपतदारांची कितीतरी घरं विटांचीच असत. पण वरून गिलावा करून, त्यावर सांध्यांच्या खोट्या रेघा ओढून दगडाचा आव आणला जाई. वेबनं भिंत उघडी ठेवली.

पण मला विटांपेक्षा खिडक्या जास्त बोलक्या वाटतात. दर्शनी बाजू दोन्हीकडून सारखी दिसावी म्हणून त्या ओळीत बसवलेल्या नाहीत. आत जिन्याला, खोलीला, बोळाला जसा उजेड हवा, तशी खिडकी. कुठं उंच, कुठं रुंद, वरच्या मजल्यावरच्या बोळाला तर चक्क गोल. काही खिडक्यांवर विटांच्या टोकदार कमानी आहेत. त्या शोभेसाठी नाहीत. वरच्या भिंतीचं ओझं त्या दोन्ही बाजूंना उतरवतात. घर काटकोनात वळतं आणि त्या कुशीत विहीर आहे, तिच्यावर शंकूसारखं कौलारू छप्पर.

या घराला कुणी कुणी ‘जगातलं पहिलं आधुनिक घर’ म्हणतात, ती बिरुदावली मात्र मला पटत नाही. वेब आणि मॉरिस भेटले ते वास्तुविशारद जी. ई. स्ट्रीट यांच्या कचेरीत, आणि स्ट्रीट आधीच पाद्र्यांसाठी अशी साधी, उघड्या विटांची घरं बांधत होते. वेबनं तीच रीत एका मित्राच्या बिऱ्हाडाला लावली. हेही काही थोडं नाही.

एक चूक मात्र ढळढळीत आहे. मुख्य खोल्यांची तोंडं उत्तरेला! इंग्लंडच्या हिवाळ्यात तिथं ऊन शिरणार कुठून? त्यात मॉरिसला संधिवाताचा ताप आला, लंडनला रोजची ये-जा झेपेना. चित्रकार मित्र बर्न-जोन्सच्या कुटुंबासाठी घर वाढवायचा बेत कागदावरच राहिला आणि १८६५ मध्ये मॉरिसनं घर सोडलं. २००३ मध्ये ते जुन्या वास्तू जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेकडे आलं.

त्याआधी, १८७७ मध्ये, वेब आणि मॉरिस यांनी इतरांच्या साथीनं जुन्या इमारती वाचवण्यासाठी एक संस्था काढली होती. जुन्या चर्चच्या भिंतींवरचा गिलावा खरवडून काढायला तिचा कडाडून विरोध होता. स्वतःच्या घराला गिलावा नको म्हणणाऱ्यांची ही भूमिका पाहून गंमत वाटते, पण त्यात विसंगती नाही. नव्या भिंतीवर दगडाचं सोंग त्यांना नको होतं. जुन्या भिंतीवरचा गिलावा हा तिच्या आयुष्याचाच भाग होता, म्हणून तो त्यांना हवा होता.