उत्तरे देणाऱ्यांसाठी एक महोत्सव

मार्च १९५८मधील एका आठवड्यात इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स येथे जन्मलेल्या १७,०००हून अधिक बाळांची माहिती नोंदवण्यात आली. गरोदरपणातील धूम्रपानामुळे बाळाचे वजन कमी भरते, हे दाखवणाऱ्या महत्त्वाच्या पुराव्यांत या नोंदींचा मोठा वाटा होता. ती मुले मोठी होत गेली, तसे संशोधक शिक्षण, नोकरी, संसार आणि प्रकृतीविषयी विचारण्यासाठी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जात राहिले. आज त्यांनी साठी ओलांडली आहे.

सामाजिक शास्त्रांतील संशोधनाचा मोठा भाग असा लोकांनी विश्वासाने दिलेल्या उत्तरांवर उभा असतो. निष्कर्ष मात्र बहुधा संशोधनपत्रिकांतच राहतात. ते लोकांपर्यंत पोहोचावेत म्हणून, १९५८च्या या अभ्यासाला निधी देणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड सोशल रिसर्च कौन्सिल’ या ब्रिटनमधील संस्थेने २००३ साली ‘फेस्टिव्हल ऑफ सोशल सायन्स’ हा सामाजिक शास्त्रांचा महोत्सव सुरू केला. त्यात विद्यापीठे ग्रंथालयांत, संग्रहालयांत आणि वस्त्यांमधील सभागृहांत व्याख्याने, प्रदर्शने, चर्चा आणि शाळकरी मुलांसाठी कार्यशाळा भरवतात. प्रवेशासाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

येथे वक्त्याचे काम विशेष अवघड असते. ताऱ्यांविषयी ऐकताना श्रोते सहसा वाद घालत नाहीत. परंतु घरभाडे, बेरोजगारी किंवा मुलांचे संगोपन हा विषय निघाला, की प्रत्येकाकडे स्वतःचा अनुभव असतो. तो खराच असतो, पण एकट्याचा असतो. हजारो कुटुंबांच्या नोंदी एकत्र अभ्यासल्यावर त्याहून वेगळे चित्र दिसू शकते, आणि ते मांडताना समोरच्याचा अनुभव खोटा ठरवायचा नाही, ही खरी कसोटी आहे.

म्हणूनच नुसत्या व्याख्यानापेक्षा, जेथे संशोधनाची पद्धतच श्रोत्यांपुढे उलगडली जाते, असे कार्यक्रम आम्हाला अधिक मोलाचे वाटतात. नमुना, म्हणजे प्रश्न विचारण्यासाठीची माणसे, कसा निवडला, आणि ज्यांनी उत्तर देण्यास नकार दिला त्यांचे काय झाले, हे तेथे विचारता आले पाहिजे. ‘आपण आठवड्याला किती तास काम करता?’ हा प्रश्न सरळ वाटतो. पण ज्याच्या कामाचे तास दर आठवड्याला बदलतात, त्याने कोणता आकडा लिहावा? हा आक्षेप अशा कामगाराकडून आला, तर प्रश्नावलीतील उणीव संशोधकाला तेथेच कळते. मात्र त्यासाठी तो कामगार सभागृहात असायला हवा. कार्यक्रमाची जागा आणि वेळ ठरवताना आयोजकांनी त्याच्या पाळीचाही विचार करायला हवा.