काठावरचे आईबाबा

[दृश्य: पहाटेचा हौद. लेनचे दोर ताणलेले. पाणी अजून कुणी मोडलेलं नाही.]

सकाळचे सहा. तासाभरात इथे पाय ठेवायला जागा उरणार नाही. उन्हाळी मोसमातली पोहण्याची ही शेवटची स्पर्धा, अजिंक्यपदाची. मोसमभर छोट्या-मोठ्या शर्यतींत वेळ नोंदवत मुलं इथवर आली आहेत. सोबत त्यांचे आईबाबा आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी जणांची ही पहिलीच वेळ.

आधी एक हिशेब मांडू. दहा वर्षांचं मूल आज 50 मीटरच्या दोन आणि 100 मीटरची एक शर्यत पोहणार असेल, तर त्याचा पाण्यातला एकूण वेळ भरतो तीन-साडेतीन मिनिटं. दिवस मात्र सात-आठ तासांचा. हा दिवस मुलांना आणि मोठ्यांना जड जातो तो मधल्या वाट बघण्यानं. म्हणून सावली, कोरडे कपडे, दोन-तीन टॉवेल, भरपूर पाणी आणि पोटाला जड न होणारं खाणं. ही तयारी आदल्या रात्रीच झालेली बरी.

[दृश्य: वॉर्म-अप. एका लेनमध्ये दहा-बारा मुलं एकामागून एक.]

वॉर्म-अपची वेळ प्रत्येक संघाला ठरवून दिलेली असते आणि ती चुकली की चुकली. बाहेरून बघताना वाटतं, मुलं नुसती अंग मोकळं करतायत. पण बॅकस्ट्रोक पोहणाऱ्या या मुलीकडे बघा. भिंतीच्या 5 मीटर अलीकडे डोक्यावर झेंड्यांची माळ टांगलेली आहे. उताणं पोहताना भिंत दिसत नाही, म्हणून झेंड्या दिसल्यापासून भिंतीपर्यंत किती हात मारायचे ते ती मोजून घेते आहे. चार की पाच? हा आकडा आत्ता पक्का झाला, तर शर्यतीत डोकं भिंतीवर आपटणार नाही आणि वेगही तोडावा लागणार नाही. नवख्या हौदात उशिरा पोहोचलेल्या मुलाचं खरं नुकसान होतं ते इथे.

[दृश्य: एका आईच्या मांडीवर छापील कागदांचा गठ्ठा, हातात पेन.]

ही हीट शीट. हीट म्हणजे एका वेळी पाण्यात उतरणारी मुलांची तुकडी. शर्यतीचा क्रमांक, हीट, लेन आणि प्रत्येक मुलानं आधी नोंदवलेली वेळ. नावापुढे ‘एनटी’ दिसलं तर घाबरू नका, त्याचा अर्थ इतकाच की या प्रकारात त्या मुलाची वेळ अजून नोंदलेली नाही. साधारण रीत अशी, की वेगवान मुलं शेवटच्या हीट्समध्ये असतात आणि एका हीटमध्ये सगळ्यात वेगवान मुलं मधल्या लेनमध्ये. आठ लेनचा हौद असेल तर चौथी आणि पाचवी लेन त्यांची, कडेच्या लेन मागच्यांच्या. त्यामुळे पहिल्या हीटमध्ये पहिलं आलेलं मूल एकूण निकालात चाळिसावं असू शकतं आणि शेवटच्या हीटमध्ये शेवटचं आलेलं मूल आठवं. निकाल सगळ्या हीट्सच्या वेळा एकत्र लावून काढतात. हे माहीत नसल्यामुळे दर स्पर्धेत कुणीतरी पालक आनंदानं फोन लावतात आणि मग निकालाचा कागद बघून हिरमुसतात. ते हिरमुसणं मुलापर्यंत पोहोचतं, म्हणून हे सांगणं भाग आहे.

काही स्पर्धांत सकाळी प्राथमिक फेरी आणि संध्याकाळी अंतिम फेरी असते. तिथे नववा-दहावा आलेला राखीव असतो. प्रशिक्षकांना विचारल्याशिवाय सामान आवरू नका.

मुलाच्या दंडावर मार्करनं लिहिलेले आकडे म्हणजे याच कागदाची नक्कल: शर्यत, हीट, लेन. आधी मार्कर, मग सनस्क्रीन. तेलकट कातडीवर शाई नीट धरत नाही.

[दृश्य: बाकांच्या रांगा. टोपी-गॉगल घातलेली छोटी मुलं हीटप्रमाणे बसलेली.]

इथून पुढे पालकांना प्रवेश नसतो. स्टार्टिंग ब्लॉकच्या, म्हणजे उडी मारायच्या ओट्यांच्या, मागे फोन आणि कॅमेऱ्यालाही बंदी असते, आणि ती असायलाच हवी, कारण तिथे पोहण्याच्या कपड्यांतली लहान मुलं आहेत. सुटण्याच्या क्षणी फ्लॅश तर कुठूनच नको. स्टार्टच्या यंत्रावरही दिवा चमकतो आणि टाइमकीपर त्या दिव्याकडे बघून घड्याळ सुरू करतात. आवाजावर विसंबले, तर 20 मीटर पलीकडच्या माणसाला तो सुमारे 6 शतांश सेकंद उशिरा ऐकू येईल.

[आवाज: छोट्या छोट्या शिट्ट्या. मग एक लांब शिट्टी. शांतता.]

छोट्या शिट्ट्या म्हणजे तयार व्हा. लांब शिट्टी म्हणजे ब्लॉकवर चढा. मग ‘टेक युअर मार्क्स’, आणि अख्खा हौद श्वास रोखतो. या शांततेत मुलाचं नाव घेऊन ओरडू नका. बावरून एखादं मूल आधीच सुटलं, तर बाद ठरतं तेच.

पहिली हीट, आठवी लेन. निळ्या टोपीतला हा मुलगा. 50 मीटर फ्रीस्टाईल, नोंदवलेली वेळ 48.20.

[दृश्य: शर्यत. निवेदन थांबतं. फक्त पाणी आणि गलका.]

सहावा आला. प्रेक्षकांत एक बाई उभी राहून टाळ्या वाजवते आहे आणि शेजारच्यांना कळत नाहीये, सहाव्या नंबरासाठी एवढं काय. त्या बाईच्या कागदावर 48.20 च्या पुढे आता 46.91 लिहिलेलं आहे.

पोहण्यात शतांश सेकंद मोजतात. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 100 मीटर बटरफ्लायला मायकल फेल्प्स मिलोराद चाविचच्या पुढे होता तो फक्त 0.01 सेकंदानं. चाविच हात पुढे धरून भिंतीकडे सरकत गेला, फेल्प्सनं अर्धा हात जास्त मारला. त्याहून बारीक मोजून बघितलं होतं 1972 साली म्युनिकमध्ये. 400 मीटर मेडलेत, म्हणजे पोहण्याचे चारही प्रकार एकट्यानं करायच्या शर्यतीत, गुन्नार लार्सन आणि टिम मॅकी यांचा निकाल 2 सहस्रांश सेकंदांवर लागला. त्यानंतर नियम बदलला. आता शतांशापर्यंत वेळ सारखी असेल तर दोघेही विजेते.

तेव्हा आपल्या मुलाचं सव्वा सेकंदानं सुधारणं ही फार मोठी गोष्ट आहे. आणि वेळ वाढली तर? ऊन असतं, झोप झालेली नसते, गॉगलमध्ये पाणी शिरतं. फेल्प्सच्याही शिरलं होतं, त्याच बीजिंगमध्ये, 200 मीटर बटरफ्लायला. त्यानं हात मोजत शर्यत पुरी केली आणि विश्वविक्रमही केला. दहा वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा नको. पिशवीत दुसरा गॉगल असू द्या.

वयोगटाचंही ध्यानात ठेवा. ठरलेल्या तारखेला मूल अकरा वर्षांचं झालं, की गेल्या वर्षी दहाच्या गटात पहिलं येणारं तेच मूल यंदा पुढच्या गटात सगळ्यात लहान असतं. पोहणं बिघडलेलं नसतं. शेजारच्या लेनमधली मुलं वीतभर उंच असतात.

[दृश्य: हौदाच्या टोकाला उभ्या पंच. त्यांचा हात वर जातो.]

आता जे सांगायचंय ते मला आधी कुणी सांगायला हवं होतं.

हा वर गेलेला हात म्हणजे कुणीतरी बाद झालं. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला टर्नच्या वेळी आणि शेवटी भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पायाची कात्री चालत नाही. बॅकस्ट्रोकमध्ये शेवटी उताणं असतानाच भिंत गाठायची. लहान मुलांच्या स्पर्धेत हा हात दिवसभरात अनेकदा वर जातो, आणि ज्याच्यासाठी गेला त्या मुलाला पाण्यात असताना पत्ताही नसतो.

माझी मुलगी आठ वर्षांची होती. ब्रेस्टस्ट्रोकला आपल्या हीटमध्ये पहिली आली. हसत बाहेर आली. एक हात आधी लागला होता. प्रशिक्षकांनी तिला ते सांगितलं, आणि ती माझ्याकडे धावत आली, तेव्हा मी म्हणालो, “रोज शिकवतात ना गं दोन्ही हात?” तिला ते माहीत होतं. माझ्या आधी दोन मिनिटं माहीत झालं होतं. तिला टॉवेल हवा होता.

त्या दिवसापासून मी मुलांकडे नीट बघायला लागलो. भिंतीला हात लागला की मूल आधी वेळेच्या फलकाकडे बघतं आणि लगेच प्रेक्षकांत आपलं माणूस शोधतं. तेव्हा आपला चेहरा कसा आहे, ते त्याला 30 मीटरवरून कळतं. चूक दाखवायला प्रशिक्षक आहेत. निर्णयाबद्दल हरकत असली, तर तीही त्यांच्यामार्फतच जाते, पालकांनी पंचांना गाठायचं नसतं. आपण टॉवेल पुढे करायचा. “कसं वाटलं?” एवढं विचारलं तरी खूप.

[दृश्य: स्टॉपवॉच घेतलेले तीन टाइमकीपर, पावलं ओली.]

आणि जमलं तर यांच्यात जाऊन उभे राहा. हे बहुतेक पालकच असतात. एका लेनला तीन घड्याळं लावली, तर मधली वेळ धरतात. इतक्या जवळून शर्यत दुसरीकडून दिसत नाही. चाळीस मुलं दमून भिंतीला टेकताना बघितली, की आपल्या मुलाचा दिवसही वेगळा दिसायला लागतो.

[दृश्य: उतरती उन्हं. मेडले रिले. काठावर सगळे संघ उभे.]

शेवटी रिले. सकाळपासून झोपाळलेली मुलं आता किंचाळतायत. क्रम ठरलेला: बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय, फ्रीस्टाईल. आधीच्याचा हात भिंतीला लागण्यापूर्वी पुढच्याचे पाय ब्लॉकवरून सुटले, तर चौघंही बाद.

दुसरा पोहतोय तो निळ्या टोपीतला मुलगा. संघ पाचवा आहे. ब्लॉकवर वाकलेली मुलगी त्याच्या हातांकडे बघते आहे. पंच भिंतीवर ओणवल्या आहेत.

दोन्ही हात. एकदम. त्याच्या डोक्यावरून ती मुलगी हवेत झेपावते.

पंचांचा हात खालीच आहे.